मशीनला चूक म्हणायची परीक्षा

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात युरोपातल्या एका वीज कंपनीचे फोन तपासले जातात. ग्राहक तिकडे बोलतात, एआय ते रेकॉर्डिंग ऐकून तातडीचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं ते ठरवतं, आणि आम्ही त्यावर शेवटची नजर टाकतो. मग तिकडे कायदा आला, की एआयसोबत काम करणाऱ्या माणसांना त्याची पुरेशी समज हवी. झालं, आमचं ट्रेनिंग निघालं.

शेवटी परीक्षा होती. नापास होणाऱ्यांना या कामावरून काढून घरून टायपिंगचं काम देणार होते. ऑफिसातली तरुण पोरं खूश.

"मॅडम, नापास झालो तर लॉटरीच! पायजम्यात ऑफिस."

मी हसले, पण मला घरी बसायचं नव्हतं. माझं घर उलव्याला. आई गेल्यापासून मी एकटी. मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले, त्यामुळे सगळीकडे कुलपं. शनिवार-रविवार मी कसेबसे काढते. सगळेच वार तसे झाले तर मी काय करणार होते? म्हणून पन्नाशी उलटल्यावर शाळकरी मुलीसारखी अभ्यासाला बसले. एआय कुठे फसतं, त्याचं कधी ऐकायचं, कधी नाही, सगळं पाठ.

परीक्षेत ट्रेनरबाई सगळ्यांसमोर एकेक रेकॉर्डिंग लावायच्या. एआयचा निर्णय बरोबर की चूक ते सांगायचं आणि कारण द्यायचं. माझ्या वाट्याला एक म्हातारी आली. उद्या आमची वीज जाणार आहे का, असं ती विचारत होती. नाही, असं उत्तर मिळालं. मग थोडं थंडीविषयी बोलली आणि परत तेच विचारलं. एआयचा शेरा होता: काम नाही, बंद करा.

"चूक आहे," मी म्हणाले.

"का? तिला उत्तर मिळालंय ना?"

कारण मला माहीत होतं, पण ते पाठ केलेल्यातलं नव्हतं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "टाइमपास करतेय म्हातारी."

माझं डोकंच फिरलं.

"टाइमपास नाही तो. मी पण करते असे फोन. विजेचं बिल भरते, पावती मोबाइलवर आलेली असते, तरी फोन करून विचारते, पैसे पोचले का. रविवारी करते. दिवसभर कोणाशी एक शब्द बोललेली नसते मी."

माझे कान तापले. असलं काही मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं.

"नियमात बसेल असं सांगा ना, मॅडम," ट्रेनरबाई हळूच म्हणाल्या.

"वयस्कर ग्राहक, बहुतेक एकटी, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. माणसाने परत फोन करून चौकशी करावी."

"पास."

माझी खुर्ची वाचली. आनंदही झाला, नाही असं नाही.

मग सगळे चहाला गेलो. कालपर्यंत माझ्या डब्यातल्या भोपळ्यावरून मला छळणारी पोरं एकदम हळू आवाजात बोलायला लागली. एकाने मला बसायला जागा करून दिली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, रविवारी कधी बोर झालं तर मला फोन करा हां." मी हो म्हणाले. ज्यांच्यात बसायला मिळावं म्हणून एवढा अभ्यास केला, त्यांच्यातून उठून घरी जावंसं वाटत होतं.