मामाचा सदा

जन्मालाच न आलेल्या माणसाला आमच्या मामाने जितका जीव लावला, तितका अख्ख्या ठाण्यात कुणी सख्ख्या भावाला लावला नसेल. त्या माणसाचं नाव सदा. मामाच्या एकांकिकेतलं पात्र. आमच्या बाळकुमच्या सोसायटीत गणपतीला बसवायची म्हणून मामाने ती लिहायला घेतली आणि वर्षानुवर्षं लिहीतच राहिला. लहानपणी भर स्टेजवर बापाची थोबाडीत खाल्लेला, तेव्हापासून चार माणसांत तोंड न उघडणारा सदा शेवटी उभा राहून बोलतो, एवढीच गोष्ट. पण दर गणपतीला मामा मान हलवायचा, "अजून तयार नाही गं तो." की सोसायटीत पुन्हा अंताक्षरी.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, त्यामुळे मामा मला हक्काने पकडायचा. "शिकलेली ना तू? मग सांग, सदा शेअर रिक्षात कुठे बसेल?" मी म्हटलं, "मधे." मामा उसळला. "मधे? उतरायचंय म्हणून सांगणार कोण? माजिवड्याला उतरायचं आणि हा जाईल थेट स्टेशनला!" मामी आतून ओरडायची, "त्याला म्हणावं, जाता जाता दळण टाक!" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर सदाचं इतकं ऐकलेलं, की एकदा हळूच विचारलं, "भाऊ, मुलाची नोकरी बरी आहे ना? भाचीसाठी बघतेय." मामा गंभीरपणे म्हणाला, "मुलगा सोन्यासारखा आहे, वहिनी. पण इतक्यात नको. बघायच्या कार्यक्रमात घाबरेल."

मी वैतागून आईला म्हटलं, "मामाला सांग, संपव एकदाचं त्या सदाला." आई भाकरी थापता थापता थांबली. "सदा कुठला गं? दादाच तो. माजिवड्याच्या चाळीत गणपतीच्या नाटकात वाक्य विसरला, तर तुझे आजोबा स्टेजवर चढले नि सगळ्यांसमोर ठेवून दिली एक. अख्खा मंडप हसला. दादा पुन्हा स्टेजवर चढला नाही."

त्यानंतर मी सदाला नावं ठेवणं बंद केलं.

गेल्या वर्षी मामीने न विचारता कमिटीत एकांकिकेचं नाव देऊन टाकलं. सदा झाले बी विंगमधले टक्कल पडलेले बँकवाले काका, लहानपणीच्या प्रवेशात चक्क हाफपँट घालून. बाप व्हायला मात्र कुणी तयार होईना. बाप्पासमोर पोरावर हात कोण उगारणार? शेवटी मामालाच उभं राहावं लागलं.

हाफपँटला मंडप पोट धरून हसला. काका ठरल्याप्रमाणे वाक्य विसरले. मामा स्टेजवर चढला, हात उगारला आणि तो तिथेच अडला. आईने माझं मनगट घट्ट धरलं. मग मामाने तो हात खाली आणून काकांची कॉलर नीट केली.

"विसरलास? विसरू दे. मी सांगतो हळूच, तू बोल."

हे लिहिलेलं नव्हतं. काका भांबावले, पण बोलले. या वेळी मंडप हसला नाही. आता थोबाडीतच नाही म्हटल्यावर पुढचं नाटक उरलंच कुठे? सेक्रेटरी विंगेतून कुजबुजले, "अहो, पाऊण तासाचं ठरलेलं ना!" मामा स्वतःहून माईकपाशी गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, "एवढंच होतं."

हल्ली मामा सदाचं नाव काढत नाही. गॅलरीत बसून निवांत चहा पितो. मलाच चुकल्यासारखं होतं. परवा न राहवून विचारलं, "मामा, सदा काय म्हणतो?"

मामा रस्त्याकडे बघत हसला. "मजेत असेल. बऱ्याच दिवसांत फिरकला नाही बघ."