चौदा नंबरचे दोन गुण

शाळेतला शिवणाचा तास बंद झाला, तेव्हा शिवणाच्या बाईंना निवृत्त व्हायला पाच वर्षं होती. अकरा मशीन एका खोलीत कोंबली, त्यांच्यावर ताडपत्री टाकली आणि खोलीला कुलूप लावलं. बाईंना मात्र असं कुलपात ठेवता येईना. वाचनालयात आधीच एक जणी बसून पगार घेत होती. प्रयोगशाळेच्या सरांनी बाईंना दारातूनच नमस्कार केला. तेवढ्यात मुलींच्या विभागीय बास्केटबॉल स्पर्धेचं पत्रक आलं. संघासोबत एक शिक्षिका असलीच पाहिजे, असा त्यात नियम होता. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं आणि बढती देत असल्यासारखा आवाज काढून सांगितलं, की हंगाम संपेपर्यंत दर शनिवारी मुलींबरोबर गावोगाव जायचं.

तोवर बास्केटबॉलबद्दल बाईंचं काही मत नव्हतं. पहिला सामना पाहिल्यावर झालं. दहा धडधाकट मुली एका चेंडूमागे धावतात. तो जाळीत टाकतात. जाळीला बूड नसतं, म्हणून तो खाली पडतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. "जाळी खालून शिवून टाकली तर एका दिवसात हंगाम उरकेल," असं त्या घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या. नवरा पाणीपुरवठ्यातून मुदतीआधीच निवृत्त झाला होता आणि टीव्हीवर लागेल तो खेळ बघत असे. त्याने खेळाचे नियम समजावून सांगायला सुरुवात केली. बाईंनी नळ मोठा सोडला आणि भांडी घासायला घेतली.

खेळ एक वेळ परवडला, पण त्याच्याभोवती जमणारी माणसं बाईंना बघवत नसत. संघाचे सर गळ्यात शिट्टी अडकवून असत, झोपतानासुद्धा काढत नसावेत, म्हणून मुली पाठीमागे त्यांना शिट्टीच म्हणत. त्यांच्याकडे सल्ला एकच होता, 'मन लावून खेळा.' संघ मागे पडला की तो ओरडून देत आणि पुढे गेला की आणखी ओरडून देत. मुलींचे वडील ही दुसरी जात. जिन्याच्या दहा पायऱ्यांत धाप लागणारी ही माणसं कठड्याला पोट टेकवून उभी राहत आणि पोरींना 'पळ, पळ' म्हणून दटावत. तिसरे प्रमुख पाहुणे. दर गावी माणूस वेगळा, भाषण तेच. एका पाहुण्यांनी तर वीस मिनिटं व्हॉलीबॉलचं महत्त्व सांगितलं, आणि त्यांना कोणी अडवलं नाही.

मैदानंही तशीच. एका गावी मैदानाला असा उतार होता, की बाहेर गेलेला चेंडू थेट भाजीबाजारात जायचा आणि दर वेळी कुणाच्या तरी टोपलीतून उचलून आणावा लागायचा. दुसऱ्या गावी सामना खताच्या गोदामात झाला. मुली दोन दिवस शिंकत होत्या. तिसऱ्या गावी अग्निशमन केंद्राच्या आवारात खेळल्या. तिथे मध्येच घंटा वाजली, मग सगळ्यांनी भिंतीला चिकटून बंबाला वाट करून दिली, आणि त्या गोंधळात चेंडू कुणाकडे होता यावर दोन्हीकडचे वडील हमरीतुमरीवर आले. बाई फाटकापाशी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आग लागावी तर इथेच, असं त्यांच्या मनात आलं.

त्याच सामन्यात गुणपत्रक त्यांच्या गळ्यात पडलं. गुण लिहायला प्रत्येक शाळेने एक माणूस द्यायचा असतो. आमच्याकडून शिट्टी सर लिहायचे, पण लिहिताना ओरडता येत नाही म्हणून त्यांनी पेन बाईंच्या हातात दिलं. काम सोपं होतं. मोठ्या कागदावर दोन संघांचे दोन रकाने. बास्केट झाली, की त्या संघाच्या रकान्यात नव्या बेरजेपुढे त्या मुलीच्या पाठीवरचा नंबर लिहायचा. बाईंनी तीस वर्षं मुलींना सरळ टीप घालायला शिकवली होती. त्यांचा कागद असा झाला, की पंच सामन्यानंतर तो हातात धरून बघत राहिले. इतर शाळांची माणसं चहा सांडलेल्या कागदावर गिचमिड करायची, फोनकडे बघत बघत बेरीज चुकवायची आणि मग 'असं कसं झालं' म्हणून एकमेकांकडे बघायची. बाई त्यांच्या शेजारी ताठ बसून राहत. अख्ख्या विभागात आपलं काम धड करणारी आपण एकटीच आहोत, हे त्यांना दोन शनिवारांत कळून चुकलं. त्या बोलून दाखवत नसत. बोलायची गरजच नव्हती, चेहऱ्यावर दिसत होतं.

मुलींनी त्यांचं नाव टाचणी ठेवलं होतं. नाडी बांध, केस आवर, बनियनची पट्टी आत घे, दिवसभर टोचणं चालूच. बसमध्ये मुली मागच्या बाजूला गर्दी करून बसत आणि बाईंसाठी चाकावरची, चेंडूंच्या पिशवीशेजारची जागा सोडत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. निदान नवऱ्याला तरी त्या असंच सांगत.

उपांत्यपूर्व सामना गिरणीच्या गावात होता, पत्र्याच्या छपराखाली. आमच्या मुली निळ्या, त्यांच्या जांभळ्या, आणि घाम आल्यावर दोन्ही सारख्याच काळ्या. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. खेळ सुरू होतो न होतो, तोच प्रमुख पाहुणे उगवले. त्यांची खुर्ची बाईंच्या टेबलासमोरून आडवी नेण्यात आली. सगळे उठून उभे राहिले; पंचांनी खेळ मात्र थांबवला नाही. पाहुण्यांच्या खांद्यावरून बाईंना जाळीतून पडणारा चेंडू आणि एका पाठीवरचा नंबर दिसला, आणि त्यांनी तो लिहिला. बाजूला फलकाचे आकडे उलटणाऱ्या शिपायाने बाईंना विचारूनच आकडा फिरवला.

सामना आम्ही एका गुणाने जिंकलो, एक्केचाळीस-चाळीस. शिट्टी सरांनी शर्ट काढून फिरवला; ते दृश्य बाईंना पुढे बरेच दिवस पुसता आलं नाही. समोरच्या गुणलेखकाने फोनवर बोलता बोलता सही केली, पंचांनीही केली. मग मुली धावत टेबलाशी आल्या आणि त्यांनी बाईंना मिठी मारली. घामाने चिंब झालेल्या सातआठ पोरी एकदम. परतताना बसमध्ये मागून कप्तानाने हाक मारली, "बाई, इकडे खिडकीत बसा, जागा ठेवलीय." कुणी बिस्किटं दिली, कुणी उशीला स्वेटर. बाई म्हणाल्या, नीट बसा, पडाल. पण आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. घरी त्या नवऱ्याला म्हणाल्या, की पोरी तशा वाईट नाहीत.

रविवारी सकाळी त्यांनी पत्रक नेहमीप्रमाणे वहीत उतरवायला घेतलं. तिसऱ्या डावात आमच्या रकान्यात पहिल्याच ओळीत चौदा आकडा होता. आमच्या मुलींचे नंबर चार ते तेरा. चौदा नंबरची मुलगी त्यांची होती, उंच, गुडघ्याला पट्टा बांधलेली. बाजू बदलल्या होत्या, आणि सवयीने बाईंनी ती जाळी आपलीच धरली होती. म्हणजे आमचे एकोणचाळीस आणि त्यांचे बेचाळीस. बाईंनी तीनदा मोजलं. मग नवऱ्याला दाखवलं. त्याने चष्मा लावून कागद बघितला आणि विचारलं, "म्हणजे आपण हरलो का?" या घरात तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता.

सोमवारी त्या शिट्टी सरांकडे गेल्या. सर म्हणाले, सह्या झाल्या, विषय संपला. मुख्याध्यापकांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि सांगितलं, की फोटो वर्तमानपत्रात गेलाय, फलक छापायला टाकलाय, आणि बाईंनी विश्रांती घ्यावी. संयोजकांच्या सचिवाला फोन केला, तर तो म्हणाला की हरकत हरलेल्या संघाने सामन्यानंतर वीस मिनिटांत घ्यायची असते; जिंकलेल्या संघाने घ्यायची तरतूदच नाही. शेवटी बाईंनी गिरणीच्या गावच्या प्रशिक्षकाचा नंबर मिळवला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की पोरींच्या परीक्षा आल्यात, पालक सुटले म्हणून खूश आहेत, आता हे कृपा करून उकरू नका. एकालाही खरा आकडा नको होता. आणि हीच माणसं गेले दोन महिने तो आकडा एकने वाढावा म्हणून घसा फाडत होती. बाईंनी फोन आपटून ठेवला. पण त्या चार जणांचा जेवढा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा आला होता. गिचमिड करणाऱ्यांनी बेरजा चुकवल्या होत्या; माणसाचे गुण उचलून दुसऱ्याला दिले होते ते त्यांच्या सुबक कागदानेच.

उपांत्य सामन्याला जाताना खिडकीची जागा राखलेली होतीच. बाईंनी कप्तानाला शेजारी बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. पोरगी रडेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. कप्तान रडली नाही.

"आम्हाला तेव्हाच कळलं होतं, बाई. खेळताना मोजतोच ना आम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंत. आमच्यासाठी."

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मिठी, बिस्किटं, स्वेटर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. पोरींना त्या आवडू लागल्या होत्या, पण का, तर त्या चोर निघाल्या म्हणून. कप्तानाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट थोडं कौतुक होतं, आणि तेच बाईंना सहन होईना. "मी मुद्दाम केलं नाही," त्या म्हणाल्या. कप्तान हसली आणि म्हणाली, हो बाई, आम्ही कुणाला सांगणार नाही.

उपांत्य सामना दूध डेअरीच्या मागच्या मैदानावर झाला. शेवटची काही सेकंद उरली असताना आम्ही एका गुणाने मागे होतो. कप्तानाने लांबून चेंडू फेकला, तो हवेत असतानाच, की हातातून सुटायच्या आधी, घंटा वाजली आणि चेंडू जाळीतून खाली आला. सगळे ओरडू लागले. पंचाची पाठ होती. तो टेबलाशी आला. वेळ बघणारा माणूस, ज्याचं तेवढंच काम होतं, म्हणाला की माझं लक्ष नव्हतं. मग पंचाने बाईंकडे बघितलं. पलीकडून कप्तानही बघत होती. ती विनवत नव्हती, तिला खात्रीच होती.

"घंटा आधी वाजली," बाई म्हणाल्या. "चेंडू तिच्या हातात होता."

परतीच्या बसमध्ये खिडकी रिकामी होती, पण बसा असं कुणी म्हणालं नाही. बाई चेंडूंच्या पिशवीशेजारी बसल्या. शिट्टी सर सगळ्या वाटेने मागे वळून वळून सांगत होते, की टेबलावर आपलं माणूस असून काय फायदा. अर्ध्या तासाने बाई एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या शर्टाचं दुसरं बटण सैल झालंय. आता परत काढाल तर तुटेल." मागे कुणी तरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. शाळेच्या फाटकावर फलक लागला होता, उपांत्य फेरी गाठल्याबद्दल अभिनंदन; त्यात संस्थेच्या अध्यक्षांचा चेहरा संघाच्या फोटोच्या चौपट होता. पुढच्या हंगामासाठी मुख्याध्यापकांनी बाईंचं नाव वगळलं आणि त्यांना प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे बांधायला दिले.

परीक्षा संपल्यावर एका रविवारी बाई एकट्याच गिरणीच्या गावी गेल्या. नवऱ्याने विचारलं, कशाला? त्यांनाही नीट सांगता आलं नाही. पत्र्याच्या छपराखाली चारपाच मुली सराव करत होत्या. चौदा नंबरवाली बाकावर बसून गुडघ्याचा पट्टा सोडत होती. बाईंनी आपण कोण ते सांगितलं, कागद दाखवला, पाहुण्यांची खुर्ची, बदललेल्या बाजू, सगळं. माफी मागणं बाईंच्या सवयीचं नव्हतं, त्यामुळे ते वाक्य दोनदा अडलं.

मुलगी कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, की मी तेव्हाच सरांना सांगितलं होतं, तर ते म्हणाले, तुला मोजता येत नाही, म्हणूनच गणितात नापास होतेस. आणि मग तिलाही तसंच वाटू लागलं होतं.

"तुमचा संघ जिंकला होता," बाई म्हणाल्या.

"ते जाऊ दे. माझे किती झाले मग? पत्रकावरून सरांनी अठरा सांगितले होते."

"वीस."

मुलगी ताडकन उठली. "वीस! मी आतेबहिणीला म्हटलं होतं, एका सामन्यात वीस करून दाखवीन. ती अजून चिडवतेय मला." मग तिने विचारलं, की बाई हे लिहून देतील का, सहीसकट.

बाईंनी तिच्याकडे नीट निरखून बघितलं. एवढ्या लांब, दोन बस बदलून, त्या न्याय घेऊन आल्या होत्या, आणि या पोरीला आतेबहिणीची जिरवायची होती. त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला, बाकापाशी गुडघा टेकला आणि सुबक अक्षरात लिहिलं, की अमुक तारखेच्या सामन्यात चौदा नंबरच्या खेळाडूने वीस गुण केले, अंतिम गुण बेचाळीस-एकोणचाळीस, चूक गुणलेखिकेची. खाली सही केली, तारीख घातली. मुलीने कागद घेतला. फक्त वीस हा आकडा कुठे आहे ते बघितलं, चार घड्या केल्या आणि पिशवीत ओल्या मोज्यांखाली कोंबला.

"नीट ठेव तो," बाई म्हणाल्या. "आणि नाडी बांध. पडशील."