कहुवा चापरिची कोरी चौकट

कचेरीतला नकाशा म्हणतो तुमचं गाव होतं तेवढंच आहे, आणि नदी तर तुमच्या अंगणात आलीय. तुम्ही कुणाचं खरं मानाल?

आमची जुनाली डोले दोघांचंही लगेच मानत नाही. ती मिसिंग जमातीची, आसामात ब्रह्मपुत्रेतल्या कहुवा चापरि या बेटावरची. खांबांवरच्या घराखाली माग मांडून विणणारी. बेटवाल्यांच्या आमच्या संघटनेच्या खोलीत कुणीतरी वापरून टाकलेला कॉम्प्युटर आला, तेव्हा आम्ही पुढारी मंडळी त्याच्याकडे नुसती बघत बसलो. हिनं त्यावरचं नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर कुणाला न विचारता उलगडलं.

पडद्याच्या ती चौकटी पाडते. एका चौकटीत एका सालचं, उपग्रहानं वरून टिपलेलं बेट. जिला हात लावाल तेवढीच जागी होते, बाकीच्या झोपून राहतात. अठ्ठ्याण्णवची चौकट जागी केली की जुनाली पडद्याजवळ सरकते. त्या हिरव्या ठिपक्यांत कुठेतरी आपला बाप अजून नांगर धरून उभा आहे, असं तिला वाटतं. नदी तिथं लांब, निळी, बिनआवाजाची.

गेल्या माघात कचेरीत सुनावणी होती. नदीनं जमीन नेली म्हणून बांधापलीकडे दुसरी मिळणाऱ्यांच्या यादीत आमच्या एक्केचाळीस घरांची नावं राहणार की कापली जाणार, एवढाच मुद्दा. साहेबांनी पडद्यावर दोन चौकटी शेजारीशेजारी लावल्या. डावीकडे अठ्ठ्याण्णव, उजवीकडे यंदाचं साल. दोन्हींत बेट काठोकाठ.

"आहे तेवढंच आहे की! मग नदीनं नेलं काय?"

माझं डोकं फिरलं. टेबलावर मूठ आपटली. शिपाई पुढे सरकला. तेवढ्यात जुनालीचा चुलता बोगाराम, ज्याला अख्खं गाव खुरा म्हणतं, पडद्याला नाक लावून म्हणाला, "साहेब, आमच्या मुरोंगला झालंय काय हो? डावीकडे तांदळाच्या दाण्याएवढं, इकडे तव्यावरच्या पिठ्याएवढं. अपोंगची दारू पिऊन सुजलं काय?"

मुरोंग म्हणजे आमची गावबैठकीची पत्र्याची इमारत. उंचावर आहे, म्हणून शाबूत आहे. सगळे हसले.

"खुरा, मस्करी पुरे," साहेब म्हणाले.

"मस्करी नाही, सर," जुनाली उठली. "माउस द्या जरा."

"तुला येतं?"

"अठ्ठ्याण्णवचं चित्र तुम्हाला दिलं कुणी? मीच ना?"

तिनं सांगितलं, चौकट आपलं पोट भरेल असं चित्र ताणते, नाहीतर दाबते. मोठं बेट दाबून बसवलं, लहान बेट फुगवलं. "दोन कापडांवरचं फूल सारखं दिसलं तरी आम्ही बायका धागे मोजतो, सर."

मग डावीकडचं माप तिनं उजवीकडे दिलं. उजव्या चौकटीत पाणी पसरत गेलं. बेट झोपेतल्या जनावरासारखं पाय पोटाशी घेऊन आक्रसलं. मुरोंग पुन्हा दाण्याएवढं. तिनं एकाच मापाच्या चार चौकटी केल्या आणि एकेक जागी करत गेली. होडीतून निरोप घेताना काठावरचं माणूस लहान होत जावं, तशी आमची चापरि लहान होत गेली.

"ही दुसरी कोरी का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"ते दोन हजार तीन. चित्र मिळालं नाही, सर. त्या साली बाबांचं शेत गेलं."

साहेबांनी यादीवर सही केली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावं राहिली. माझ्या मुठीनं त्यात काडीचाही फरक पडला नाही, हे लिहायला मला जड जातंय.

जुनालीनं ती चौकट मात्र काढलेली नाही. दुपारी माग थांबवून येते, तिलाच जागी करते आणि बघत बसते.

तुमच्यापैकी कुणी त्या साली ब्रह्मपुत्रेवरून फेरीनं गेलं असेल, आणि कहुवा गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांचं एखादं बेट फोटोत आलं असेल, तर तो जुनालीला पाठवा. आणि किती लांबून काढला, तेवढं मागं लिहा.