निरोप्या लामेकच्या दोन गोळ्या

"झोपलेले का होईना, घरात तर असाल," फानेसी म्हणाली.

"झोपलेल्याच्या तोंडी निरोप कोण देईल?" लामेक म्हणाला.

फानेसी माझी धाकटी बहीण, लामेक तिचा नवरा. मी कान लावला नव्हता. आमच्यामधला कूडच पातळ.

लामेक गावाचा निरोप्या. कुणी मेलं की मयताच्या मामाकडे तोच जायचा. अंगणात उभं राहायचं, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, आधी मेलेल्याचं नाव सांगायचं. चाळीस वर्षं त्यानं हे केलं. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण त्यामागून फिट येऊ लागली.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पांढरी गोळी दिली. फिट थांबली आणि लामेकही थांबला. मक्याच्या उकडीचा, सीमाचा घास हातात धरून पेंगायचा. तशातच म्तांबो गावी निरोप घेऊन गेला आणि मेलेल्या धाकटीऐवजी तिच्या थोरल्या बहिणीचं नाव सांगून मोकळा झाला. थोरली तिथंच भुईमूग सोलत बसलेली. म्हणाली, "मी मेले, तर या शेंगा कोण सोलतंय, भाऊजी?"

अंगण हसलं. लामेक दोन दिवस जेवला नाही.

मग नर्सबाईंनी पिवळी दिली. "फिट दोन्ही थांबवतात, आजोबा. म्हाताऱ्या डोक्याला ही जास्त सोसते. थोडी चिडचिड होईल."

"ती लग्नापासूनच आहे," फानेसी म्हणाली.

डोकं खरंच निवळलं. पाठोपाठ सात निरोप बिनचूक गेले. पण पावसात रस्ता खचला आणि दवाखान्यात पिवळी येईना. नर्सबाईंनी बजावलं, "येईपर्यंत पांढरी घ्या. एकही दिवस कोरडा जाऊ देऊ नका." त्यानं पांढरीची पुडी वळचणीला खोचली ती खोचलीच. त्यावरूनच ते भांडण. मी थोरली मेहुणी, माझं त्यानं ऐकलं असतं. मी कुडाआड गप्प बसले. नवरा-बायकोत कशाला पडा, म्हटलं.

गोळीविना चौथ्या दिवशी तो आम्हाला ओढ्यात सापडला, पालथा, तोंड पाण्यात. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. म्तांबोहून परतत होता.

तिथली माणसं लामेकच्या मातीला आली तेव्हा त्यांनी सांगितलं. सापडला त्याच्या आदल्या दिवशी लामेक त्यांच्या अंगणात आला, टोपी काढली, पाण्याला नको म्हणाला. मेलेल्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, माती किती वाजता, सगळं एका दमात सांगितलं. शेंगावालीनं स्वतः स्टूल आणून ठेवलं.

"बसा की, भाऊजी."

"नको. फानेसी वाट बघत असेल," तो म्हणाला, आणि काठी घेऊन वाटेला लागला.