सात जणींचा कोट

तिला हॉस्टेलात सगळ्या बचतबाई म्हणत, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. साबणाच्या वड्या झिजून नखाएवढ्या झाल्या की ती त्या ओल्या करून एकमेकींना चिकटवायची आणि ती ठिगळांची वडी आणखी पंधरा दिवस चालवायची. कॉलेजच्या कार्यालयात एका बाजूने छापलेले कागद रद्दीत जायचे. ते ती मागून आणायची, मधोमध दुमडून दाभणाने शिवायची, की झाली वही. तीन वर्षांत तिने वही विकत घेतली ती एकच, पहिल्या दिवशी, आणि त्याचीही तिला हळहळ वाटत राहिली.

दाभण आईचं होतं. आई बाजाराच्या तोंडाशी टीचभर जागेत मशीन टाकून बसायची. नवे कपडे नाहीत. लोकांचे तयार कपडे आत घे, बाहेर सोड, चेन बदल, असली कामं. त्यातून फी निघायची, हातखर्च निघत नसे. म्हणून मुलगी हात आखडून राहायची. मैत्रिणी सिनेमाला निघाल्या की नेमकं हिचं डोकं दुखायचं, कुणाच्या वाढदिवसाची वर्गणी निघाली की ही वाचनालयात गडप व्हायची. आपल्याला पाठीमागे चिकट म्हणतात हे तिला ठाऊक होतं आणि ते मनाला लागायचंही. मैत्रिणी आपल्याला सांभाळून घेतात, एवढंच, असं तिने मनाशी धरलं होतं.

डोकं मात्र तल्लख. संख्याशास्त्राची पुस्तकं महाग, म्हणून वर्गातल्या सात मुलींनी वाचनालयातून सात वेगवेगळी पुस्तकं उचलायची आणि रोज एकेक पुढे सरकवायची, ही युक्ती तिचीच. पुढे शेवटच्या वर्षी फलक लागला की एक कंपनी मुलाखतींना येणार आहे, तीन जागा भरणार आहे, आणि उमेदवारांनी कोट घालून यावं.

"पुस्तकं फिरतात, तर कोट का नाही फिरणार?" ती म्हणाली. "वीस मिनिटांच्या मुलाखतीला सात कोट? पैसे काय झाडाला लागलेत?"

सगळ्यांना पटलं. मग संख्याशास्त्र शिकणाऱ्या पोरी जे करणार तेच त्यांनी केलं. सातही जणींची मापं घेतली, बेरीज केली, सातने भागलं आणि आलेल्या सरासरीची चिठ्ठी शिंप्याच्या हातात ठेवली.

"हे माप कुणाचं?" शिंप्याने विचारलं.

"सगळ्यांचं," बचतबाई म्हणाली.

त्याने चिठ्ठीकडे बघितलं, सातजणींकडे बघितलं, कान खाजवला आणि चिठ्ठी खिशात टाकली. शिकलेल्यांच्या नादी कोण लागणार.

कोट शिवून आला तो कुणालाच बसला नाही. चणीने लहान म्हणून जिला चिमणी म्हणत, ती त्यात हरवून गेली. उंच, रुंद खांद्यांच्या जिराफची बटणं लागेनात आणि मनगटं उघडी पडली. खुद्द बचतबाईच्या अंगावर तो खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. सहाही जणी तिच्याकडे बघत होत्या, कारण वर्गणी त्यांनी हिच्या शब्दावर काढली होती. तिने आईला फोन लावला. आई आधी पोट धरून हसली.

"अगं, अनेकींचा एकच कपडा असेल तर तो सगळ्यात मोठ्या मापाने शिवतात. असलेलं कापड आत घेता येतं, नसलेलं कुठून आणशील? माझ्या मांडीवर बसून एवढंही शिकली नाहीस?"

"शिकले होते गं. सरासरी काढली आणि विसरले."

"बरं, आता रडू नकोस. शिवण उसवून बघ, आत जादा कापडाची माया किती सोडलीय ते."

शिंपी जाणता निघाला. शिवणीत त्याने चांगली तीन बोटं माया सोडली होती, बाहीच्या दुमडीत तर चार. त्याला पुढचं सगळं दिसलं होतं, फक्त तो बोलला नव्हता. आईच्या सांगण्यावरून बचतबाईने कोट जिराफच्या मापाइतका मोठा करून घेतला. बाकीच्यांसाठी आतून धावदोरा घालायचा, कोट तेवढ्यापुरता आत घ्यायचा, आणि मुलाखत संपली की दोरा ओढून काढायचा. तिने आठ दिवस सराव केला. शेवटी एकीचं माप उसवून दुसरीचं टाचायला बारा मिनिटं पुरायला लागली.

आता ही बारा मिनिटं आणायची कुठून? तिने कार्यालयातल्या कारकुनाला गळ घातली आणि यादीत दर दोन मुलींच्या मध्ये एक मुलगा घालून घेतला. कोट जिच्या हातात तिने शेवटी जावं, हे ओघानेच आलं. खरं तर ही नोकरी तिला फार हवी होती. नाही मिळाली तर घरी परतून आईच्या शेजारी काजबटणं करत बसणं आलं. आईने आनंदाने जागा करून दिली असती. हिला ते नको होतं, आणि नको आहे हे आईला तोंडावर सांगायची हिची छाती नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी ती शेजारच्या रिकाम्या वर्गात सुई, दोरा आणि इस्त्री घेऊन बसली. एकेक मुलगी येई, हात पसरून उभी राही आणि मापात बसलेला कोट घालून बाहेर पडे. चिमणी तर अशी ऐटीत गेली की शिपायाने उठून दार उघडलं. सहावी जिराफ. तिच्यासाठी नुसते दोरे काढायचे होते. ती परत आली, कोट टेबलावर ठेवला, आणि बचतबाईने सुई ओवली तोच शिपाई दारात आला.

"पुढचा मुलगा आलाच नाही. त्याला म्हणे दुसरीकडे नोकरी लागली. तुम्ही चला."

"बारा मिनिटं द्या हो."

"साहेबलोकांना गाडी गाठायचीय. आत्ता चला."

जिराफचा चेहरा तिच्यापेक्षा जास्त उतरला. बचतबाईने कोट तसाच चढवला आणि बोटांची टोकं तेवढी बाहेर ठेवून आत गेली.

समोर दोन साहेब आणि मधोमध चष्मा लावलेल्या अधिकारी बाई होत्या. विषयावरचे प्रश्न झाले, उत्तरं तिने नीट दिली. मग बाईंनी चष्मा काढला.

"हा कोट आज सकाळपासून सहा वेळा आत आलाय. सहाही वेळा मापात होता. तुमच्याच अंगावर ढगळ का?"

थाप मारावी असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण थापेलाही तयारी लागते. तिने सगळं सांगून टाकलं: वर्गणी, सरासरी, शिंप्याची माया, बारा मिनिटं, न आलेला मुलगा. एक साहेब खदखदून हसले.

"संख्याशास्त्राची विद्यार्थिनी असून ही चूक?"

"संख्याशास्त्राची होते म्हणूनच झाली, सर. शिंप्याकडून नसती झाली."

बाई हसल्या नाहीत. समोरचे कागद त्यांनी सारखे केले.

"दोन जागांचं संध्याकाळी कळवू. तिसरीचं आत्ताच सांगते, ती तुमची. तुमचे गुण चांगले आहेत, पण गुण आणखी चौघांचेही आहेत. आम्ही प्रत्येकाला शेवटी विचारतो, वर्गातलं कोण सोबत कामाला असलेलं आवडेल? मुलं काय, ज्याने त्याने आपापल्या दोस्ताचं नाव घेतलं. या सहा मुली मात्र वेगवेगळ्या आल्या आणि सहाही जणींनी एकच नाव घेतलं. ती छोटी मुलगी तर म्हणाली, एकच जागा असेल तर मला नका घेऊ, तिला घ्या."

बचतबाईला नोकरीचं ऐकून झाला तो आनंद एक, आणि हा दुसरा. हा इतका मोठा होता की तो ठेवायचा कुठे हे तिला कळेना. तिला सरळ रडू आलं. रुमाल शेजारच्या वर्गात राहिला होता. लांब बाहीचा तेवढा एक उपयोग झाला.