दोन टोपल्या

"सर गेले. चारला नेणार." चिठ्ठीत एवढंच. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत सातवीचा इतिहासाचा तास चालू होता, शिपायाने ती दारातूनच हातात दिली. मुलींना म्हटलं, धडा वाचा गं, आणि खुर्चीत बसले… मनात काय यावं? तर, या चिठ्ठीला दोरा ओवायचं भोक नाही. सरांच्या प्रत्येक चिठ्ठीला ते असायचं. त्यानंतर मात्र मला समोरचं काही दिसेना.

गुप्ते सर मुंबईच्या एका कॉलेजात आम्हाला पुरातत्त्व शिकवायचे आणि ठाण्याला टेंभी नाक्याजवळ दोन खोल्यांत राहायचे. एक खोली माणसांची, एक खापरांची. माई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "बाई गं, माझ्या संसारात धड भांडी कमी नि फुटकी जास्त!" सर हसायचे आणि आम्हाला सांगायचे, "खापर कुठल्या थरातून आलं, एवढंच त्याचं बोलणं. ते हरवलं की ते मुकं झालं." म्हणून जमिनीतून निघालेल्या प्रत्येक टोपलीला चिठ्ठी बांधलेली असे. तिच्यावर दोन ओळी : थर कुठला, आणि खापरं धुतली कुणी. मुलगी उन्हात माती उकरणार म्हणून माझे वडील बिथरले होते, तर सर स्वतः कल्याणला आमच्या घरी आले. "तुमच्या कुसुमची नजर चांगली आहे," म्हणाले. तोवर माझ्याविषयी असं कुणी बोललं नव्हतं. घरात माझी कीर्ती धांदरट म्हणूनच होती.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. कल्याणच्या खाडीकाठी एका टेकाडावर सरांनी चर खणला. तांबडी, घोटीव खापरं खालच्या थरात निघाली, तर इथलं बंदर लोक समजतात त्याहून बरंच जुनं ठरणार होतं. सरांचा सगळा जीव त्यात. वरच्या थराची एक टोपली, खालच्या थराची एक. चिखलाने माखलेली, बघून काही कळायचं नाही. मी ती ठाण्याच्या अंगणात धुतली, दोन गोणपाटांवर वाळत घातली, चिठ्ठ्या दगडाखाली ठेवल्या. आणि अवकाळी पाऊस आला. माई ओरडल्या, "अगं कुसुम, भिजतंय सगळं!" मी घाबरून दोन्ही गोणपाटं उचलली ती पडवीत एकाच सुपात रिकामी केली.

मेले मी तेव्हाच. सर संध्याकाळी यायचे होते. मी बसून खापरं निवडली… तांबडी घोटीव सगळी 'खालचा थर'च्या टोपलीत घातली, कारण सरांना ती तिथेच हवी होती. उरलेली दुसरीत. सर आले, टोपल्या बघितल्या आणि चक्क जमिनीवर मांडी घालून बसले. "इतकं स्वच्छ! कुसुम, इतकं स्वच्छ वेगळं!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माईंनी शिरा केला. तो मी खाल्ला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावत राहिले. सर खापरांवर पक्क्या शाईने थराचे बारीक आकडे घालत होते, ग्रंथ लिहीत होते. पुढे कल्याणच्या आसपास वस्ती वाढली, रस्ते आले, आणि ते टेकाड भरावासाठी खणून नेलं. मी जाऊन बघितलं, तिथे डबकं होतं. तेव्हाही बोलले नाही! ग्रंथ छापखान्यात जायचा ठरला, मग मात्र माझी झोप उडाली. बैल गेला नि झोपा केला, तशी मी ठाण्याला गेले आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "टेकाड होतं तोवर सांगायचं होतंस गं," म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. माई चहा घेऊन आल्या, तर त्यांना म्हणाले, "हिच्या चहात साखर जास्त घाल, उन्हातून आलीय."

ग्रंथ त्यांनी परत मागवला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. त्या दोन टोपल्यांतली खापरं घेऊन रोज सकाळी खिडकीशी बसायचे, एकेका आकड्यावर रेघ मारून शेजारी प्रश्नचिन्ह काढायचे. त्यांनी मला माफ केलं, असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत. माफ करण्याजोगं त्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं.

तेराव्यानंतर माईंनी एक लाकडी खोका माझ्यापुढे ठेवला. त्यात निम्म्या खापरांवर प्रश्नचिन्हं होती, निम्मी तशीच. "हे म्हणाले होते, राहिलेली कुसुमला दे. काय लिहायचं ते तिला ठाऊक आहे." माई रागावलेल्या नव्हत्या. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

पाच रविवार मी त्यांच्या खिडकीशी बसले, त्यांचाच टाक, त्यांचीच शाई. परवा शेवटचं खापर झालं. मग खोक्यासाठी चिठ्ठी कापली, भोक पाडलं, दोरा ओवला. दोन ओळी लिहिल्या.

थर : माहीत नाही.
धुणारी : कुसुम.