दोरेवाल्या वहिनी आणि भाज्यांचं सूप

पाइपांच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये मी पहिल्यांदा गेले ती सह्या मागायला. पाकिटांवर हिरवे-तपकिरी ठिपके यायच्या आधीची ही गोष्ट. आमची मागणी साधी होती. खाण्याच्या पाकिटात प्राण्यापासून आलेलं काही असेल, तर ते पाकिटाच्या समोरच्या बाजूला, दिसेल एवढ्या अक्षरांत लिहा. माझं शिक्षण आठवीपर्यंत. कायदा मी लोकांच्या दारात उभी राहून आणि वकिलांशी भांडून शिकले. त्यामुळे मला कुणी हसण्यावारी नेलं की माझं डोकं फिरतं, आणि त्या दिवशी ते कागद पुढे करताच फिरलं.

कँटीन चालवणाऱ्या बाईंना सगळे दोरेवाल्या वहिनी म्हणत. ठेंगण्या, साठीकडे झुकलेल्या, मनगटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. नाव पडलं ते त्यांच्या डावांमुळे. मांसाच्या पातेल्यात जाणाऱ्या प्रत्येक डावाच्या, झाऱ्याच्या, सुरीच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला, बाकीच्यांना पांढरा. दर आठवड्याला दोरे नवे, कारण धुऊन धुऊन लालाचा गुलाबी होतो आणि वहिनींच्या मते गुलाबी म्हणजे भानगड. नवरा शिंपी, रिळं त्याच्याच दुकानातली. तो म्हणायचा, गिऱ्हाइकांपेक्षा हिचे डावच जास्त दोरा खातात.

वहिनी स्वतः सगळं खायच्या. पण पांढऱ्या पातेल्यात लाल दोऱ्याचा डाव बुडाला, तर अख्खं पातेलं मोरीत. एकदा ऐन जेवणाच्या सुट्टीत ओतलं होतं. मॅनेजर ओरडत आला, तर रिकामं पातेलं त्याच्याच हातात दिलं आणि म्हणाल्या, आता एवढं घासून द्या.

मी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी तो वाचलासुद्धा नाही.

"अगं लेबलवाली, ज्यांना स्वतःच्या हातावर भरवसा नाही ना, त्यांना छापील अक्षरं लागतात. माझ्याकडे दोरा आहे."

मला झोंबलं. म्हटलं, कोठी दाखवा तुमची. दाखवली त्यांनी, मोठ्या तोऱ्यात. पांढऱ्या बाजूच्या फळीवर भाज्यांच्या सूपच्या पुडीचे मोठाले डबे होते. वर गाजर, वाटाणे, कोबीचं चित्र, अगदी शेतातून आत्ता काढल्यासारखं. ही पूड त्या रोज पांढऱ्या पातेल्यात घालत. आणि तो डबा माझ्या चांगला ओळखीचा होता. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नैसर्गिक स्वाद'. तो स्वाद कशातून काढला, हे सांगायची सक्ती कायद्यात नव्हती. आम्ही कंपनीच्या मागे लागून लागून विचारलं होतं. उत्तर आलं होतं, कोंबडीच्या चरबीतून.

हे मी सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं. वहिनींनी डबा फिरवून फिरवून पाहिला. खोटं निघालं तर इथून बाहेर कशी जातेस ते बघते, म्हणाल्या, आणि डब्यावरचा नंबर लावला. बराच वेळ नुसतं गाणं वाजत राहिलं. मग एक मुलगी आली लाइनवर, फार गोड बोलत होती. वहिनी तिला एकच प्रश्न परत परत विचारत होत्या, कोंबडी आहे की नाही? शेवटी "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला, आणि जाऊन पांढऱ्या पातेल्याखालचा गॅस बंद केला.

"तात्या," एवढंच बोलल्या आणि स्टुलावर बसल्या.

तात्या म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. बायको गेल्यापासून दुपारचं ते एकच गरम जेवण. मांस का खात नाहीत, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, वहिनींनीही कधी विचारलं नाही. कुणाच्या लग्नाला गेले तरी पाणी पिऊन परत येत. बाहेरचं खात ते फक्त वहिनींच्या हातचं, आणि हे सूप तर त्यांना एवढं आवडायचं की रोज वाटी दुसऱ्यांदा पुढे यायची.

घरी नवऱ्याने शहाणपणा सुचवला. डबा गुपचूप बदलून टाक, कुणाला पत्ता लागणार आहे? वहिनींनी त्याच्याशी वाद घातला नाही, पण त्या रात्री त्याला स्वतःच्या हाताने वाढून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, पातेल्यांवरची झाकणं न काढताच, त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि डबा वर धरून सगळं सांगितलं. किती वर्षं, तेही. एक जण हसून म्हणाला, म्हणूनच तात्या एवढे टुणटुणीत. कुणी हसलं नाही. तात्यांनी ताट टेबलावर ठेवलं, हात धुतले आणि बाहेर गेले.

त्यानंतर ते घरून पाव आणि दोन केळी आणू लागले. बसायचे मात्र तिथेच, त्यांच्या नेहमीच्या टेबलाशी, पातेल्यांकडे पाठ करून. वहिनी मनवायला गेल्या नाहीत. मी म्हटलं, जाऊन बोला तरी. तर म्हणाल्या, "बोलून काय? माझ्या बोलण्यावरच तर ते जेवले इतकी वर्षं."

त्यांनी भलतंच काहीतरी केलं. पांढऱ्या पातेल्याच्या वर दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तिच्यावर त्या दिवशी वापरलेली प्रत्येक रिकामी पिशवी, प्रत्येक डब्याचा कागद टांगायला सुरुवात केली, मागची बाजू पुढे करून. ज्यावर त्यांचं समाधान होत नव्हतं, तो माल फळीवरून गेला. फळी हळूहळू रिकामी होत गेली. तात्या पाणी घ्यायला उठायचे, चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचे, दोरीवरचं सगळं वाचायचे आणि परत जागेवर जाऊन केळं सोलायचे.

आमच्या मागणीवर सरकारी समितीपुढे सुनावणी लागली. तिला वहिनी आल्या, पण माझ्यासाठी नाही, हे मला आधीच बजावून. लांबलचक टेबल, पलीकडे समिती, बाजूला कंपन्यांचे वकील. त्यांतला एक म्हणाला, ज्याला शंका असेल त्याने फोन करून विचारावं, आमची सोय आहे. मी ताडकन उठले. वहिनींनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"फोन मी केला होता साहेब. तुमच्या माणसांनी खरं सांगितलंही. पण शंका यायला डब्यावर काहीतरी दिसायला नको का? डब्यावर गाजर होतं. मला स्वतःला काहीही चालतं. पण मी ज्याला वाढते त्याला माझा शब्द असतो, आणि तो शब्द मी तुमचा डबा वाचून देते."

आणि बसल्या. वकील कागद चाळत राहिला.

कायदा झाला तो अर्धा. स्वाद कशातून काढला ते लिहायचं, एवढं ठरलं. समोरच्या बाजूची खूण मात्र पुढच्या वर्षावर ढकलली. मी दारातच समितीच्या एका सदस्याला चार शब्द सुनावले, आणि आजही त्यांतला एकही मागे घेणार नाही. वहिनी म्हणाल्या, चल, माझी भांडी पडलीत. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं होतंच, आणि ह्या वेळी सह्यांचा कागद त्यांच्या काउंटरवर होता.

काही दिवसांनी मी तो कागद न्यायला गेले, तेव्हा जेवणाची सुट्टी चालू होती. तात्या दोरीसमोर उभे होते. दोरीवर चिमटे होते, बाकी काहीच नव्हतं.

"आज काय टांगायचं विसरलीस?"

"टांगायला काही नाही, तात्या. गाजर, कांदा, कोबी, मीठ. सालं बघायची तर बादलीत आहेत."

तात्यांनी खरंच वाकून बादलीत पाहिलं. मग टेबलाशी गेले. मला वाटलं, झालं, आता केळं सोलणार. पण ते वाटी घेऊन परत आले. वहिनींनी पांढऱ्या दोऱ्याचा डाव घेतला. वाटी काठोकाठ भरली. तात्यांनी उभ्या उभ्याच एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"पहिल्यासारखं नाही लागत," ते म्हणाले.

"नाहीच लागणार," वहिनी म्हणाल्या.

तात्या वाटी घेऊन टेबलाशी गेले. ह्या वेळी बसले ते पातेल्यांकडे तोंड करून, आणि वरून मीठ मागितलं.